पाय लागला म्हणून

नियम लिहिणं सोपं असतं असं कुणी म्हटलं ना, की मी अजून कानाला हात लावतो. साताऱ्यात शाळांच्या रोबो स्पर्धेचे नियम मीच लिहिले होते आणि पंचही मीच. त्यात एक नियम असा, की सामना सुरू असताना रोबोला हात लावला तर दहा गुण वजा.

शेवटच्या सामन्यात पाटणची एक मुलगी पाच गुणांनी पुढं होती. तेवढ्यात तिचा रोबो आखलेली रेष सोडून तिच्याच पायावर आदळला. तिनं चटकन वाकून त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला.

मी शिट्टी मारली. "दहा वजा!"

"आवं सर, पाय लागला म्हणून पाया पडले!"

तिचे वडील, फौजेतले सुभेदार, ताडकन उठले. "सर, पाय लागल्याचा नियम कितवा हाय?"

असा नियमच नव्हता. तरी मी नियमांचे कागद चाळत मागं सरकलो, तर माझाच पाय रोबोला लागला. काही कळायच्या आत मी वाकून नमस्कार करून मोकळा!

मुलगी म्हणाली, "सर, आता तुमचं बी दहा कापा."