सातवी डिस्क

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती चष्मेवाले भाऊ आणि जमलेल्या डिस्क गोल्फप्रेमी बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला तीन मिनिटं दिली आहेत आणि बायकोने ताकीद.

मी पेशाने शिंपी. नऊ वर्षं भाऊंचा जोडीदार. पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्याकडे डिस्क फेकून साखळ्यांच्या टोपलीत घालायची, तीही कमीत कमी फेकींत. पण खरा खेळ आदल्या संध्याकाळी, भाऊंच्या दुकानात. उद्या कुठल्या डिस्क न्यायच्या? दोघांत पिशवी एकच, डिस्क सातच. मी ढीगभर काढायचो. भाऊ म्हणायचे, "शिंपीबुवा, घर बदलताय का?"

गेल्या वर्षी तळ्यापलीकडच्या क्लबाशी अंतिम सामना होता. मी म्हटलं, "माझी ती जड लाल डिस्क हवीच. वारा सुटला तर तीच कामाची."

भाऊ म्हणाले, "ते माझ्याकडे लागलं. पिशवी मी भरतो, तुम्ही निवांत झोपा."

मी झोपलो. विश्वास म्हणजे आणखी काय असतं, मंडळी?

शेवटच्या टोपलीला वारा सुटला. पिशवीत बघतो तर डिस्क सहाच! भाऊंनी कपाळावर हात मारला, "विसरलो हो!" हलकी डिस्क भरकटली, एका फेकीने हरलो. भाऊ इतके खट्टू झाले की मीच त्यांची समजूत काढली, चहा पाजला. माणूस आहे, विसरतो.

गेल्या महिन्यात त्याच क्लबाच्या कप्तानांच्या हातात लाल डिस्क दिसली. कडेला नेलपॉलिशचा ठिपका, माझ्या मुलीने लावलेला. मी विचारलं, कुठून आणलीत? सरळ माणूस, म्हणाले, "तुमच्या भाऊंनीच दिली की, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी. म्हणाले, पुढच्या वर्षी मी तुमच्याकडेच येतोय."

आणि आज भाऊ तिकडेच चालले आहेत. जा ना भाऊ, कोणी अडवलं होतं? हरलो त्याचं दुःख केव्हाच सरलं. तुमची समजूत मी काढत बसलो, ते मात्र जिव्हारी लागलंय.

क्लबातर्फे भेट म्हणून ही पिशवी मीच शिवली. रागाच्या भरात नव्हे, माझ्या दुकानात बसून, शांत डोक्याने. सहा कप्प्यांत क्लबाने दिलेल्या डिस्क आहेत, सातव्या कप्प्यात ती लाल डिस्क आहे, कप्तानांकडून मागून आणलेली.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मला ते जमलेलं नाही.

या भाऊ, पिशवी घ्या. मोजून घ्या, सात आहेत.