हडळ, विदूषक आणि भाऊंचा खोकला

...आणि वर मलाच विचारतात, "निवेदिता, तू परदेशात नक्की शिकलीस तरी काय गं?" भाषाशास्त्र, भाऊ, भाषाशास्त्र! तुम्हाला सांगते, शब्दाचं मूळ कळलं की माणसाची भीती जाते, हा माझा ठाम विश्वास... होता, आहे, जाऊ दे! तर भाऊ म्हणजे माझे वडील, भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात सुपरवायझर, तिथे हवेत कापूस असा भुरभुरतो की चहावर साय धरली की काय वाटावं, खोकून खोकून बरगड्या दुखतात त्यांच्या, डॉक्टर म्हणाले मास्क लावा, तर हे म्हणतात, "तोंड लपवायला मी काय चोरी केलीय?"

म्हटलं, ही भीती शब्दाची! चहाच्या सुट्टीत कारखान्यात उभी राहिले, सांगितलं, मास्क इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये इटालियनमधून, त्याच्यामागे कुणी म्हणतं अरबी 'मस्खरा', म्हणजे विदूषक, आपली मस्करी त्याच घरातली. कुणी म्हणतं जुन्या लॅटिनमधली 'मास्का', म्हणजे चेटकीण! किती सुंदर, नाही?

भाऊ म्हणाले, "म्हणजे एक तर विदूषक, नाहीतर हडळ. आणि हे तू बापाच्या तोंडाला बांधणार?"

मागावरचे कामगार इर्शादचाचा तिथूनच ओरडले, "अच्छा किया दीदी बता दिया, हम तो पहनने ही वाले थे!"

शब्दाचं मूळ कळलं की... असो! हरले नाही मी. खंडेनवमीला चांगल्यातला मास्क आणून भाऊंच्या हातात दिला. गहिवरले हो! "माझ्यासाठी आणलास?" डोळे पुसले, खोकले, आणि... ठेवला की नेऊन मागांच्या पूजेत! पान्याशेजारी! हळद, कुंकू, वर झेंडू!

म्हटलं, आता लावा.

"पूजेतल्या वस्तूला थुंकी लावू?"

"अहो, पान्याचीही पूजा झाली, तो वापरता ना?"

"पाना तोंडात धरतो का मी?"

आता बोला! दुसरा आणला, तर म्हणतात, "एक असताना दुसरा कशाला? तूच लाव." पहिला कारखान्यात खिळ्यावर आहे, हार घालून. रोज सकाळी भाऊ त्याला उदबत्ती ओवाळतात, धुरानं ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, तरी हात जोडून म्हणतात, "लेकीनं दिलाय, सांभाळ रे बाबा."

शब्दाचं मूळ कळलं की... नाही हो, काही नाही होत! डबा द्यायला जाते, तेव्हा दुसरा मास्क मीच लावते, धूर फार होतो ना. आणि भाऊ खोकत खोकत माझ्याकडे बघून कळवळतात, "पोरी, इथली हवा सोसत नाही गं तुला... डॉक्टरला दाखवून ये!"