नागव्वाचं पाचवं वाक्य

जमलेल्या आयाबायांनो, ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांनो, आणि शिवप्पा, तुम्ही तिथं मागं खांबाला टेकून का उभे? पुढं या. आजची बैठक तुमच्या घरच्या माणसासाठी आहे.

दर मंगळवारी आपण इथं आई भवानीची पदं म्हणतो. आवाज चढवायची सवय आहे मला. आज पद म्हणायचं नाही, बोलायचं आहे. नागव्वाला जाऊन आज तेरा दिवस झाले.

नव्या सुनांना ती कोण हे सांगायला हवं. नागव्वा गुलबर्ग्याकडची पाथरवटीण. रस्त्याच्या कामावर नवऱ्याबरोबर, ह्या शिवप्पांबरोबर आली आणि वेशीबाहेर पालात राहिली. हातात टाकी, म्हणजे छिन्नी, नि हातोडी, आणि तोंडी एकच मराठी आरोळी, ‘जातं टाकवायचं का, अक्का?’ दळून दळून जातं गुळगुळीत झालं की ती अंगणात बसून त्याला नव्यानं टाके घालायची. टक्, टक्, टक्. गिरणी आली तरी मी घरीच दळते. ‘लई चिक्कट बाई’ म्हणून हसता तुम्ही मला. हसा. पण त्या निमित्तानं ती यायची. माझं माहेर तिकडचं, मला कानडी येतं. अख्ख्या गल्लीत तिचं बोलणं कळणारी मी एकटी.

एके दिवशी टाकीचा आवाज मध्येच थांबला. "अक्का, हात उचलंना," म्हणाली. माझा हात धरून तिनं आपल्या पदराखाली नेला. "कल्लु." कल्लु म्हणजे दगड. आणि हसली हो! "जलमभर दगड फोडले, त्यातला एक माझ्यात येऊन बसला. ह्याला टाकी चालत न्हाय बघा."

मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. "काय होतंय, विचारा बाईंना," म्हणाले. नागव्वानं सगळं नीट सांगितलं. कणकण असते, हात भरून येतो, भूक नाही, झोप नाही. आणि पाचवं वाक्य त्या दगडाचं. मागं रांगेत आमच्या ह्यांच्या कचेरीतले दोघं उभे होते. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "कणकण असते. हात भरून येतो."

एवढंच.

डॉक्टरांनी शक्तीचं औषध दिलं, चोळायला तेल दिलं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "कल्लुचं सांगितलं?" मी होय म्हणून मान हलवली. आई भवानीच्या गावात, दिवसाढवळ्या. घरी येऊन रोजनिशीच्या वहीत लिहिलं, ‘नागव्वाला दवाखान्यात नेलं.’ ते वाक्य खोटं नाही. पण खरं आहे का?

सहा महिने ती ते तेल चोळत राहिली. मग सोलापूरला नेलं, तर उशीर झाला म्हणाले, मुंबईला न्या. मुंबईत तिचं कोण? पूर्वी तिचं गाव आणि आपलं गाव एकाच राज्यात होतं. आता भाषेवरनं राज्यं झाली, मधे रेघ आली. सरकारी मदत मागितली, तर इथले म्हणत, तुमच्या मुलखात जा. शिवप्पा तिकडं गेले, तर ते म्हणाले, तुम्ही तर आता तिकडचे. आपल्यातल्या एका बाईंना हाच आजार झाला होता. त्यांनीच सांग म्हटलं, म्हणून सांगते. त्यांचे भाऊ पुण्याला होते, वेळेत शस्त्रक्रिया झाली. त्या आज इथं बसल्या आहेत. आजार एकच होता, बायांनो.

शेवटचे दोन महिने ती दुपारची माझ्या ओसरीवर उन्हात पडून असायची. औषध नव्हतं, पण कानडी होतं. ती गावचं सांगायची. तुरीची पिवळी फुलं, तळ्याचं हिरवं पाणी, पाण्यात उतरलेल्या दगडी पायऱ्या, तिच्या आज्यानं घडवलेल्या. मी जातं फिरवायचे, ती बोलायची, आणि दोघींच्या डोळ्यांवर झापड यायची. मला दिसायचं, तळं आमच्या अंगणात आलंय, तुळशीच्या कट्ट्याला पाणी लागलंय, आणि ती त्यात पाय सोडून बसलीय. जागी व्हायचे, तर तिचे पाय खरंच गार असायचे.

अशाच एका दुपारी मी कबूल केलं. म्हटलं, "नागव्वा, मी डॉक्टरांना दगडाचं सांगितलंच नव्हतं."

ती म्हणाली, "ठाऊक हाय, अक्का. मी पाच बोलले, तुमी दोनच बोलला."

"मग भांडली का नाहीस?"

"भांडले असते, तर मग बोलले कुणाशी असते?"

शिवप्पा, हे तुम्हाला आज चारचौघांत कळतंय. माझ्यावर रागवायचा तुम्हाला हक्क आहे.

माझ्या जात्यावर तिचे टाके आहेत. दळण पडतं तसे ते रोज थोडे झिजतात. हल्ली मी हात हळू फिरवते.

बायांनो, वेशीबाहेरच्या पालात अजून बाया आहेत. कुणाला तेलुगू येतं, कुणाला कानडी. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि त्या जेवढं बोलतील, तेवढं सगळं बोला.

आता आपण तिच्यासाठी उभं राहून गप्प राहणार आहोत. पण मी एकदा गप्प राहिले आहे. म्हणून आधी ते राहिलेलं बोलते. वडीलधाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल.

डॉक्टर, हिच्या स्तनात दगडासारखी गाठ आहे. नीट तपासा.

उठा बायांनो. आता शांत राहू.