चपलांचा नंबर

हसू नका, पण माझा ड्रायव्हर पळस्प्याच्या एका दवाखान्यात दुरुस्त झाला. ड्रायव्हर म्हणजे कोड हो. आमच्या शुगर मोजायच्या यंत्रात सेन्सरला जाणारे निरोप रांगेत लावणारा. यंत्र मधूनच भलते आकडे दाखवायचं आणि मी आठवडाभर सर्किट बनवणाऱ्या स्नेहाला दोष देत होतो.

त्या दवाखान्यात नंबर लावायचा म्हणजे दाराशी चपला ओळीत ठेवायच्या. मी ठेवल्या. तेवढ्यात स्नेहाचा फोन आला. तिच्यावर ओरडायला अंगणात जायचं, तिथे ऊन, म्हणून चपला घालून गेलो. परतलो तर माझ्या जागी दुसऱ्याच चपला.

“मावशी, इथे माझा नंबर होता!”

“मंग चपला कशाला नेल्यास? आता माज्या हायत तिथं. डॉक्टर मलाच घेनार.”

मी गारच पडलो. माझा कोडही हेच करत होता! निरोपाचा नंबर लावून त्याची मेमरीतली जागा लगेच मोकळी करायचा. पाळी येईपर्यंत तिथे दुसराच डेटा येऊन बसायचा.

लगेच स्नेहाला फोन लावला. “सॉरी. तुझं सर्किट बरोबर आहे. चूक माझी होती.”

ती म्हणाली, “कुठून बोलतोयस?”

“अंगणातून. अनवाणी. चपला रांगेत आहेत.”