खोगीर घरपोच

संस्कृती : चारशे नव्वद रुपये, आजी! खोगिराचे वेगळे. हे नुसते आणून द्यायचे. त्यात घरपोच म्हणून पैसे घेतले आणि पाटोद्याच्या स्टँडवर रसवंतीत टाकून फोन केला, ‘या अन् घेऊन जा.’ आता सांगा, हा काय न्याय झाला?

चतुराबाई : आधी ते इकडं उजेडाला धर, बाय. डोळे म्हातारे झालेत माझे. हं... पालथं कर. कुठलं म्हणलीस?

संस्कृती : कानपूरचं. मोबाईलवरून मागवलं.

चतुराबाई : कानपूरचं खोगीर, मोबाईलवर आलं, मग माझ्या दारात कावून आणलंत, मालक?

गहिनीनाथ : घोडीची पाठ सोलवटली, चतुराबाई. दोनच वराती झाल्या. डाव्या खांद्यापाशी तळहाताएवढी जागा लाल झाली. परवा तर नवरदेवाला पाडता पाडता राहिली. रविवारी अजून एका वरातीची सुपारी हाय. जनावराचा डॉक्टर म्हणला, हेच खोगीर पुन्हा घातलं तर ही घोडी वरातीतून कायमची बाद. अन् घोडी बाद झाली तर आमच्या घरात काय उरलं, तुमीच सांगा.

चतुराबाई : बाद व्हईलच. दोन्ही अंगाला सारखं भरलंय हे. वर फोम, खाली फोम. कानपूरच्या घोड्यांच्या पाठी सपाट असतील, बाबा. तुमच्या घोडीचा डावा खांदा बसका असणार.

संस्कृती : बसका? मी तर टेपनं माप घेतलं होतं. जुन्या खोगिराचंच घेतलं, इंच न् इंच.

चतुराबाई : टेपनं लांबी कळती, पोरी. पाठ कळत न्हाई. हिच्या आईचा खांदाबी तसाच होता. पाठीवर हात फिरवला तरच लागायचा हाताला. म्हणून जुन्या खोगिराला डाव्या अंगाला दोन बोटं भरण जास्ती घातलं होतं. बकरीच्या केसांचं. मीच भरलं होतं. शिवण आमच्या ह्यांची, भरण माझं, असंच चालायचं आमचं. कुठं हाय ते खोगीर?

गहिनीनाथ : जळालं. तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच वरात. कोण्या शहाण्यानं फटाक्याची माळ घोडीच्या अंगाखाली टाकली. घोडी वाचली, खोगीर गेलं.

चतुराबाई : सोळा वर्स चाललं म्हणा की. मग तवाच कावून आला न्हाईत?

गहिनीनाथ : म्हणलं... शहादेव गेलेले. आता कोण करणार.

चतुराबाई : ते गेले, मी हाय की जित्ती.

संस्कृती : मी म्हणलं होतं पप्पांना, गावातल्या माणसाकडून करून घेऊ. तर म्हणले, नको, मोबाईलवर बघ. चारशे नव्वद ऐकून मी ओरडले, म्हणलं ही लूट आहे, दुसरं बघू. यांनी एक शब्द काढला नाही. ‘देऊन टाक’ म्हणले. भाजीवालीशी पाच रुपयांसाठी भांडणारा माणूस!

गहिनीनाथ : जाऊ दे की आता ते. गेले पैसे.

संस्कृती : कसे जाऊ दे? परत पाठवायचं म्हणलं तर त्यांचा माणूस आपल्या गावाला येत नाही. कुरिअरनं पाठवा म्हणतात, तेही आपल्या खर्चानं. यायचे आपण द्या, जायचे आपण द्या. आजी, तुम्ही सांगा, बरोबर आहे का हे?

चतुराबाई : जायचं न्हाई सांगता येत. पण यायचं द्यावंच लागतं, पोरी. सात-आठ किलोचं धूड हाय हे. चाकावर आलं असंल, पण चढवलं-उतरवलं कुणीतरी खांद्यावरच ना? त्या माणसाचं पोट हाय का न्हाई? लूट कुठं झाली सांगू का? त्यांनी आणून टाकलं, पाठीवर बसवलं न्हाई. आमच्यात खोगीर पोचवलं म्हंजे पाठीवर बसवून, पोटाखालनं तंगाचा पट्टा आवळून, दोन फेऱ्या चालवून बघितलं. तवर पोचलं म्हणायचं न्हाई. आमचे हे तुमच्या वाडीला तीन येळा आले होते. पाच कोस जायचं, पाच कोस यायचं.

संस्कृती : चालत?

चतुराबाई : मग काय, इमानात? दोन येळा नुसतं पाठ बघायला. तिसऱ्या येळंला खोगीर डोक्यावर घेऊन. एस्टीत खोगिराचं लगेज पडायचं, ते कोण देणार? कुणीच देत न्हवतं, बाय. मोठमोठ्या वाड्यातले लोक, पण पोचवायचं भाडं म्हणलं की त्यांचं तोंड वाकडं. ‘तू केलंस, तू आण.’ एकच माणूस निघाला भाडं देणारा. तुझा बाप.

गहिनीनाथ : चतुराबाई, ते भरणाचं बघा की. किती दिवस लागतील?

चतुराबाई : बघते. सांगू तरी द्या, मालक. पोरीला बापाचं चांगलं कळू नये का? ऐक पोरी. तिसऱ्या येळंला हे खोगीर घेऊन गेले, तर तुमच्याकडं सोयरीक ठरायची होती. पाहुण्यांनी अंगण भरलेलं. तुझ्या बापानं ह्यांना ओसरीवर घेतलं. ओसरीवर, बरं का! आमच्या माणसाला. पाहुण्यांच्या बरोबरीनं ताट वाढलं. अन् निघताना पंधरा रुपये हातावर ठेवले. तिकिटाचे वेगळे, लगेजचे वेगळे. वर स्टँडवर माणूस पाठवून एस्टीत बसवून दिलं.

संस्कृती : पप्पा! खरंच? कधी बोलला नाहीत.

गहिनीनाथ : लई जुनं झालं ते.

चतुराबाई : मी इसरले न्हाई. ह्या बस्तीत धा बायांना सांगितलं मी. कुणी तुमच्या लोकांना नावं ठेवाय लागलं की मी म्हणायची, सगळेच तसले नसतेत, वाडीचा गहिनीनाथ बघा. आमचा पवन तर भांडायचा माझ्याशी. म्हणायचा, आई, तुला काय ठाऊक. मी म्हणायची, तुझ्या बापानं सांगितलंय मला, खोटं सांगल का तो?

गहिनीनाथ : मजुरी किती घेता ते सांगा. आगाऊ देतो.

चतुराबाई : मजुरी? तुमच्याकडून? न्हाई घेणार, मालक. त्यांनी वरनं बघितलं तर काय म्हणतील मला?

गहिनीनाथ : असं नगा करू. घ्या. जास्ती घ्या.

चतुराबाई : न्हाई म्हणलं ना. ते शेवटचं खोगीर होतं त्यांचं, म्हाईत हाय? तुमच्याकडून आले अन् त्याच्यानंतर खोगिराला हात लावला न्हाई. हातात कापरं भरतं म्हणायचे. मरेस्तोर चपला सांधत बसले. आरी तर सरळ चालायची चपलेत, पण खोगीर म्हणलं की कापरं. म्हातारपण, दुसरं काय.

संस्कृती : आजी, थांबा, थांबा. हे परत सांगा. मी व्हिडिओ घेते. आजकाल लोक चारशे नव्वद घेऊन माल स्टँडवर फेकतात, आणि माझ्या पप्पांनी सोळा वर्षांपूर्वी... मस्त होईल. पप्पा, तुम्ही आजीच्या शेजारी बसा. बसा ना. लाजता काय!

चतुराबाई : पदर तरी नीट करू दे, बाय.

गहिनीनाथ : मोबाईल ठेव खाली.

संस्कृती : अहो, दोनच मिनिटं...

गहिनीनाथ : ठेव म्हणलं ना खाली!

(संस्कृती मोबाईल खाली ठेवते.)

संस्कृती : ओरडता काय? चांगलंच तर सांगतायत त्या.

गहिनीनाथ : न्हाई दिलं मी भाडं.

चतुराबाई : काय म्हणलात?

गहिनीनाथ : न्हाई दिलं. ओसरी न्हाई, ताट न्हाई, एस्टी न्हाई. ओसरीची पायरी चढू दिली न्हाई मी त्यांना. पाणी मागितलं तर वरून ओतलं, वंजळीत.

चतुराबाई : तुमी इसरला असाल, मालक. ते मला सोता म्हणले...

गहिनीनाथ : ते खोटं बोलले, चतुराबाई. कावून बोलले ते तुमी समजून घ्या. पंधरा रुपये मागितले होते त्यांनी, एवढं खरं हाय. म्हणले, मालक, पाय सुजलेत, जाताना एस्टीनं जातो. आमच्या धाकट्या भावाचा, अंगदचा साखरपुडा होता. पाहुणे बसलेले. पाहुणे म्हणले, खोगीर कसं दिसतंय घोडीवर, दाखवा की. घोडी नाल ठोकायला गेलती. मग मी म्हणलो...

संस्कृती : काय म्हणलात?

गहिनीनाथ : म्हणलो, शहाद्या, पंधरा रुपये पाहिजेत ना? मग तूच हो घोडं.

संस्कृती : पप्पा...

गहिनीनाथ : शहाद्याच म्हणायचो मी. बापाच्या वयाचा माणूस. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी मस्करी करतोय. हसले बी थोडं. मग बघितलं माझ्याकडं. मग बसले अंगणात, गुडघे टेकून. हात टेकले. मी खोगीर उचललं अन् ठेवलं पाठीवर.

संस्कृती : ते बसलेच का? उठून जायचं ना!

गहिनीनाथ : कुठं जातील? चार गावच्या घोड्यांचं काम आमच्या शब्दावर चालायचं. त्यांना न्हाई म्हणायची सोय न्हवती. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच तर म्हणलो. ठाऊक नसतं तर म्हणलोच नसतो.

संस्कृती : आणि पाहुणे? कुणीच काही बोललं नाही?

गहिनीनाथ : हसले. त्यांना दोष कशाला देऊ, आधी मी हसलो. मग एक म्हातारा पाहुणा म्हणला, खोगीर भारी हाय, पण बसून बघितल्याबिगर काय कळणार. कुणाला तरी बसवा.

संस्कृती : कुणाला बसवलं?

गहिनीनाथ : चल, घरी जाऊन सांगतो.

संस्कृती : इथं सांगा. त्यांच्यासमोर. कुणाला बसवलं, पप्पा?

गहिनीनाथ : तुला.

संस्कृती : मला?

गहिनीनाथ : तीन वर्षांची होतीस. मी दोन्ही बगलांत धरून बसवलं. सगळे हसत होते म्हणून तूबी टाळ्या वाजवल्यास. ते चालले. चार पावलं. रांगत. तुला धक्का लागू नये म्हणून हळूच चालले.

संस्कृती : मला... मला कुणीच कधी...

गहिनीनाथ : कोण सांगणार? आपल्या घरात ती गंमत होती. दोन-तीन वर्षं सणासुदीला निघायची अन् सगळे हसायचे. मग तू शाळेत जायला लागलीस, पुस्तकं वाचायला लागलीस. मग मी ती गोष्ट काढू दिली न्हाई. कुणी काढली की उठून जायचो. लाज वाटली म्हणून न्हाई, तुला कळंल म्हणून. खरी लाज लई उशिरा आली. अन् आली तवा ते मेले होते.

चतुराबाई : पंधरा रुपये?

गहिनीनाथ : काढले होते खिशातून. त्यांनी घेतले न्हाईत. उठले, खोगीर काढलं, झटकलं, खुंटीला अडकवलं. रिकिबी सरळ केल्या. मला म्हणले, मालक, डाव्या अंगाचं भरण पावसाळ्यानंतर एकदा उन्हात धरा. एवढंच. अन् चालत गेले. मी हाकबी मारली न्हाई. म्हणून मोबाईलवर मागवलं, चतुराबाई. कंपनीनं हजार मागितले असते तरी दिले असते. ह्या दारात यायची हिंमत न्हवती. घोडीनं आणलं मला हितं.

संस्कृती : आणि आत्तासुद्धा फुकटात करून घेणार होतात. मी व्हिडिओ काढायला गेले नसते तर गप बसून घेऊन गेला असतात.

गहिनीनाथ : व्हय. गेलो असतो.

संस्कृती : आजी... आजी, तुम्ही काहीतरी बोला. शिव्या द्या. मला पण द्या.

चतुराबाई : तंग आवळला होता का?

गहिनीनाथ : काय?

चतुराबाई : खोगीर पाठीवर ठेवलं म्हणलात. तंग आवळला होता का नुसतं ठेवलं होतं?

गहिनीनाथ : आवळला होता.

चतुराबाई : कितव्या भोकावर?

गहिनीनाथ : ...शेवटच्या. पोरगी पडू नये म्हणून.

चतुराबाई : बरगडीच्या खाली पट्टा उठला होता, काळानिळा. श्वास घेता येत न्हवता सरळ. मला म्हणले, एस्टीत गर्दी होती, दांडीवर आदळलो. मी पंधरा दिवस हळद लावली. लावताना इचारायची, चांगलं जेवलात ना तिथं? तर म्हणायचे, व्हय, दोन येळा वाढून घेतलं.

संस्कृती : मी बसले होते त्यांच्यावर, आजी. मी.

चतुराबाई : तीन वर्साचं लेकरू तू. तुझं काय वजन असणार? रडू नको. त्या फोमवर पाणी पडलं तर उकलाय अवघड जाईल. ठेव ते हितं. घोडीची पाठ बघितल्याबिगर मी सुई लावणार न्हाई. उद्या सकाळी घोडी घेऊन ये. मजुरी घेणार हाय मी, पुरी घेणार.

गहिनीनाथ : येतो, चतुराबाई. उजाडताच निघतो. चालत घेऊन येतो घोडी.

चतुराबाई : पोरीला म्हणले मी.