डाव्या बाजूनं टोच

—नाही पोरी, सही मी करत नाही. आधी आइक. नागपुरच्या दवाखान्यातून दोन एसट्या बदलून आली, त आइकूनच जा. तुह्या डाक्टरचा कागद मी तीनदा वाचला — चवथी पास आहो, पण वाचता येते मले. काय म्हणते? का घशातल्या गाठीच्या पेशी एकमेकींले धरून ठेवते ते प्रथिन — केडरीन का फेडरीन — माह्या गाठीत कमी निघालं. म्हणजे पेशी सुट्या होतीन, मानेत उतरतीन, मंग फुफ्फुसात. अन् हे कशावरून? त माशीएवढ्या तुकड्यावरून! आग लागो तुमच्या शिक्षणाले!

अवो, तुमसरच्या मिलात चाळीस वर्षं मी हेच केलं — धानाच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसाची, मूठभर दाणे काढाचे अन् सांगाचं, माल हलका. अख्खी गाडी हलकी! काहून हलकी? शेठनं सांगतलं म्हणून. ओल्या कोपऱ्यात टोचलं का ओलं, वाळल्या कोपऱ्यात टोचलं का वाळलं — धान विकाले आलेला कास्तकार नुसता माह्या तोंडाकडं पाहे. हिरालाल नावाच्या एका कास्तकाराचा त एकदा सारा धान — जाऊ दे. लय हसलो होतो मी तवा.

त तुह्या डाक्टरनं कोणत्या कोपऱ्यात टोचलं? इचारलं तू? नाही इचारलं. चष्मा लावला म्हणजे अक्कल आली का? — काय पाहिजे, उरलेला तुकडा अभ्यासाले? ने ना, मुरांबा घाल त्याचा! देतो सही. पण डाक्टरले सांग, अजून एक डाव टोच. डाव्या बाजूनं. तिकडं माल चांगला आहे — मी रोज आरशात बॅटरी मारून पाहतो — रोज नाही, कधीमधी. मान काहून हलवते? डावीकडूनही टोचलं होतं? चार ठिकाणी? अन् चारही ठिकाणी ते केडरीन —

हं.

चार ठिकाणी कोणी टोचते का बापा. मिलात त मी कोणासाठीच चार ठिकाणी नाही टोचलं.

आण तो सहीचा कागद. कुठं करू सही, इथं? — लपव आता, लपव! माही घरवाली, चंद्रकला, चहा घेऊन येऊन राहिली. तिले मी सांगतलं, जनगणनेवाली बाई आली म्हणून. पेन काढ. तोंड कायले असं केलं? लिही — घरात माणसं, दोन. मोठ्यानं म्हण ना, तिले आइकू गेलं पाहिजे. दोन.