बाराशेच्या आत

"हॅलो? … हॅलो, कबनूरचा मागांचा कारखाना का? नेमगोंडाला बोलवा… मी त्याची थोरली बहीण, कोल्हापुरातनं रत्नाबाई… मागावर असंल तर मागावरनं उठवा की!"

शेजारच्या शालूबाईंच्या दुकानातला काळा फोन रत्नाबाईंनी दोन्ही हातांनी धरला होता. शेजारी भाची सुरेखा उभी, हातात कॉलेजनं परत धाडलेला फी-माफीचा अर्ज. ट्रंककॉलची वाट बघता बघता सकाळ सरली होती, दोघींच्या पोटात घोटभर चहादेखील नव्हता.

"कोण, नेमा? … बरी हाय. बरी हाय म्हटलं न्हवं! आधी सांग, दाखल्यावर वर्साचं उत्पन्न किती सांगितलंस? … तलाठ्यानं लिवलं, पर सांगितलं कुणी? … चार हजार! अरे, बाराशेच्या आत असंल तरच सरकार फी माफ करतंय. दुसऱ्याच्या मागावर राबतोस तू, चार हजार काय सपनात बघितलंस? … मोठ्यानं बोल… कोण बसलं हुतं? … पावणं? चावडीत?"

रत्नाबाईंनी कपाळावर हात मारला. सुरेखाला बघायला आलेल्या पाहुण्यांना नेमगोंडा गाव दाखवत चावडीवर घेऊन गेला होता. तिथंच तलाठ्यानं उत्पन्न विचारलं, आणि होणाऱ्या व्याह्यांसमोर भावाची जीभ खऱ्याकडं वळली नाही.

"लाज वाटली? गरिबीची लाज वाटली, आन् थापेची न्हाय? … ऐक, ऐक की मर्दा! शनिवारी मुदत संपती. उद्या चावडीत जायचं, खरं सांगायचं, नवा दाखला घ्यायचा… का न्हाय? … पावण्यांचा भाऊबंद तिथंच बसतोय? बसू दे! … सोयरीक मोडंल? आन् पोरीचं शिक्षण मोडलं तर? … तू भरतोस फी? हे वर्स भरशील, फुडची तीन कोण भरणार? … पोरीनं शिकून काय करायचं, असं परत म्हणालास तर तिथं यिऊन… थांब जरा. काय गं?"

सुरेखानं पदर ओढला होता. ती मावळणीच्या, म्हणजे आत्याच्या, कानाशी लागून काहीतरी सांगत राहिली.

"काय केलंस? … कवा? … नेमा, हायस का? तुझ्या लेकीनं पावण्यांना पत्र घातलंय. परवाच… व्हय, टपालात पडलं. 'चार हजार खोटं हाय. वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला हाईत. मला शिकायचं हाय. पटत असंल तर थांबा.' … जेवताना पावणं चार हजाराचं कौतुक करत हुतं, ते तिनं आतनं ऐकलंतं. अर्ज परत आला, तवा तिला उमगलं… मला बी आत्ताच कळतंय… सही? स्वतःच्या नावानं… तिच्यावर वराडू नगंस! वराडायचं तर माझ्यावर वराड!"

तिकडून आता नुसते माग ऐकू येत होते. सूत ओढणारा धोटा ह्या काठावरनं त्या काठाला, त्या काठावरनं ह्या काठाला.

"रडतोस काय रं? … मग बोल की. आता कुणापासनं लपवणार हाईस? … धाला उघडती चावडी, तू नऊलाच पायरीवर जाऊन बस. दाखला टपालात टाकू नगं, हातानं घिऊन ये… काय घालू? काय बी घाल… न्हाय, न्हाय! जरीचा फेटा अजिबात नगं! तुझा फेटा बघून तलाठी परत चार हजार लिवंल. मागावरचाच सदरा घाल, सुताची तुसं लागलेला. झटकू बी नगंस… आन् नेमा, पोरगी म्हणती… हॅलो? हॅलो? … लाइन तुटली गं!"